हिशेब संगणकाचा, अटी कोणाच्या?

पाळ्या बदलल्या, बसफेऱ्या घटल्या, कामगार कमी झाले, की व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते: ‘संगणकाने असा हिशेब काढला आहे.’ जणू गणितापुढे वाटाघाटींना जागाच नाही! ही निव्वळ दिशाभूल आहे. आणि ती उघडी पाडण्याचे साधन आज साध्या घरगुती संगणकावर विनामूल्य मिळते.

अशा हिशेबांच्या मुळाशी अनेकदा लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजेच रेषीय नियोजन असते. मर्यादित यंत्रे, माल आणि मनुष्यबळ यांची सर्वांत किफायतशीर वाटणी सांगणारे हे शास्त्र. त्याचा जन्म नफ्याच्या पोटी झालेला नाही. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी ते मांडले, ते प्लायवूड उद्योगातील यंत्रांवर काम कसे वाटावे या प्रश्नातून. सोव्हिएत नोकरशाहीने मात्र त्यांचा १९४२ चा ग्रंथ १९५९ पर्यंत छापू दिला नाही, हेही समाजवाद्यांनी विसरू नये. अमेरिकेत जॉर्ज डान्टझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली, ती हवाई दलाच्या नियोजनासाठी. दोन्हीकडे पैसा सार्वजनिक होता. पुढे मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये नवी पद्धत जाहीर केली, तेव्हा एटी अँड टी या बलाढ्य कंपनीने १९८८ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट पदरात पाडून घेतले. गणितावरही मालकी हक्क!

त्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली. १९४७ साली आहाराच्या खर्चाचा ७७ अज्ञात राशींचा एक प्रश्न सोडवण्यास नऊ कारकुनांना मिळून १२० मनुष्यदिवस लागले होते. आज तो घरच्या संगणकावर क्षणात सुटतो. जीएलपीके आणि एडिंबरा विद्यापीठात तयार झालेले हाय्स ही सॉफ्टवेअरे कोणालाही मोफत वापरता येतात. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्येही अशी सोय आहे.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. काय कमीत कमी वा जास्तीत जास्त करावयाचे, हे संगणक ठरवीत नाही; ते माणूस लिहितो. मजुरी हा केवळ घटवावयाचा खर्च म्हणून लिहिला, तर उत्तर कपातीचेच येणार. आठ तासांची पाळी, साप्ताहिक सुटी आणि कोणालाही न काढणे या अटी लिहिल्या, तर तेच सॉफ्टवेअर त्या पाळून मार्ग शोधते. मार्ग नसेल तर तसे स्पष्ट सांगते. एवढेच नव्हे, वेळ वा माल यांसारखी एखादी मर्यादा किंचित सैल केल्यास खर्च किती बदलेल, याचाही आकडा देते. वाटाघाटीच्या टेबलावर याहून उपयुक्त आकडा कोणता?

म्हणून कामगार संघटनांची मागणी नेमकी असली पाहिजे: केवळ उत्तर नको, उद्दिष्ट आणि अटींचा संपूर्ण कागद पुढे ठेवा. तो मिळताच तोच हिशेब आपल्या अटींवर करून पाहणारे कार्यकर्ते प्रत्येक संघटनेत, प्रत्येक सहकारी संस्थेत तयार झाले पाहिजेत. हिशेब यंत्राने खुशाल करावा. अटी मात्र राबणाऱ्यांनी घातल्या पाहिजेत.