वर येणं आणि परत येणं

उजनी मायनसमध्ये गेली की आमच्याकडे एक ठरलेला कार्यक्रम असतो. आबांना जुनं गाव दाखवायला न्यायचं. आमचं करमाळा तालुक्यातलं गाव सत्तरच्या दशकात धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन, त्यामुळे मला आठवतं ते फक्त ट्रॅक्टरवर चढवलेलं सामान.

2024 च्या उन्हाळ्यात पाणी खूपच हटलं होतं. आबा भेगाळलेल्या गाळात उभे राहून काठीने दाखवत होते, "ही चावडी. इथं आपला सोपा." आजूबाजूला पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. अर्ध्या तासात आबाच म्हणाले, "चला, मोटार चालू करायचीय. लाइट जाईल."

येताना गाडीत मी इंडस क्रीडचं 'इव्हॉल्व्ह' लावलं. भाचा म्हणाला, "मामा, हे तुमच्या वेळचे ना? रियुनियनवाले?"

रियुनियनवाले! मला जरा लागलंच ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1984 साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर गिटारवर. आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवण्यात धन्यता मानत, तेव्हा यांनी स्वतःची गाणी लिहिली आणि 1988 मध्ये अल्बमही काढला. 1993 मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झालं आणि 1997 मध्ये सगळं थांबलं. सोलापूरच्या हॉस्टेलवर त्यांची कॅसेट मी इतकी झिजवली होती की टेप पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ढिली झाली.

2010 मध्ये ते पुन्हा एकत्र आले. खरं तर 'टॉप ऑफ द रॉक' आणि 'प्रिटी चाइल्ड' वाजवत शहरोशहरी फिरले असते तरी माझ्यासारख्यांनी तिकिटं काढली असती. पण 2012 मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' आणला. आठ गाणी, सगळी नवी. आधीच्या अल्बमला तोवर सतरा वर्षं झाली होती. जुन्यांपैकी तिघंच उरले होते, म्हणून बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे तरुण घेतले. आणि अल्बम घेऊन पुन्हा लोकांसमोर उभे राहिले.

माझ्या मते वर येणं वेगळं आणि परत येणं वेगळं. मे महिन्यात आमचं गाव वर येतं, परत येत नाही. लोक बघतात, हळहळतात, फोटो काढतात, आणि पावसाळ्यात भीमेला पाणी आलं की सगळं पुन्हा खाली. पुष्कळ बँडचं पुनरागमन असंच असतं. परत येणाऱ्याने हातात काहीतरी नवं आणलेलं असावं.

तुम्ही म्हणाल, लोकांना जुनंच हवं असतं. खरं आहे. रोलिंग स्टोन्सनी 2023 मध्ये अठरा वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, पण दौऱ्यात प्रेक्षक वाट बघतात ती साठ वर्षांपूर्वीच्याच गाण्यांची. आणि प्रामाणिकपणे सांगतो, मलासुद्धा 'इव्हॉल्व्ह'पेक्षा 'टॉप ऑफ द रॉक' जवळचं वाटतं. पण ती माझी सवय झाली. गाणाऱ्याने ऐकणाऱ्याच्या सवयीवर किती दिवस जगायचं?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टूम निघाली आहे. दिवाळीनंतर सगळे जमणार, आणि आमच्या तेव्हाच्या चौघांच्या 'बँड'ने गॅदरिंगमधली तीच पाच गाणी वाजवायची. मी म्हणालो, येतो, पण एक तरी गाणं नवं बसवू. यावर दोघांनी अंगठा दाखवला आणि एकाने लिहिलं, "आता या वयात?"

आबांचं वय ब्याऐंशी. जुन्या गावाहून आलो त्या संध्याकाळी ते केळीच्या नव्या लागणीत ठिबकच्या नळ्या तपासत बसले होते. मी विचारलं, "आबा, पुढच्या वर्षी जायचं का पुन्हा?"

"जाऊ की," ते म्हणाले. "पण केळी काढून झाल्यावर."

असो. गिटारला तारा टाकायला दिल्या आहेत. बघू या.