विश्लेषण : फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्यासाठी क्रेट कसा निवडावा?

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर असलेल्या तेरखेड्याची ओळख फटाक्यांचे गाव अशी आहे. अनेक घरांची चूल या धंद्यावर पेटते, त्यामुळे ‘फटाके बंद करा’ असे इथे कुणाला सांगणे सोपे नाही आणि या लेखाचा तो उद्देशही नाही. मात्र फटाके वाजू लागले की पाळलेली कुत्री पलंगाखाली शिरतात, दावे तोडतात, काही थेट रस्त्यावर धावत सुटतात. वाहता महामार्ग जवळ असला की त्याचा शेवट काय होतो, हे वेगळे सांगायला नको. यावर क्रेटचा उपाय सुचवला जातो. तो चांगला आहे, पण कुत्र्याला कोंडण्यासाठी क्रेट घ्यायचा असेल तर न घेतलेलाच बरा.

क्रेट म्हणजे पिंजराच ना?

दिसायला पिंजराच. आपल्याकडे क्रेट म्हटले की आधी टोमॅटोचे कॅरेट आठवते. खेड्यात कोंबड्यांना डालगे, गुरांना गोठा. कुत्र्याला मात्र उंबरा आणि फार तर ओसरीचा कोपरा. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, आपल्याच जिल्ह्यात अणदूर-नळदुर्गचा खंडोबा आहे, तरी घरच्या कुत्र्याला हक्काची जागा द्यावी असे आपल्याला फारसे सुचलेले नाही.

क्रेट ही अशी जागा होऊ शकते. घाबरलेले कुत्रे उघड्यावर थांबत नाही. ते कणगीमागे, ट्रॉलीखाली, जिन्याखालच्या अंधारात जाते. पाठीला भिंत, डोक्यावर छत आणि समोर एकच वाट, एवढेच त्याला हवे असते. म्हणून क्रेट शोधण्याआधी आपले कुत्रे आवाजाला भिऊन कुठे पळते ते दोन-तीन वेळा नीट बघा. कसला क्रेट घ्यायचा आणि तो कुठे ठेवायचा, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

त्याला एवढा त्रास का होतो?

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला जवळपास ४५ हजारांपर्यंत. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्याला नियमाने बंदी आहे, पण ही मर्यादा माणसाचा कान गृहीत धरून ठरवलेली आहे. शिवाय आवाज का झाला आणि पुढचा कधी होणार, हे कुत्र्याला कळत नाही. धाप लागणे, लाळ गळणे, थरथर, अन्न न घेणे ही भीतीची लक्षणे आहेत. त्याला ‘नाटके’ म्हणणारे घराघरांत भेटतात.

माप कसे घ्यायचे?

घोळ इथेच होतो. तयार क्रेटवर ‘अमुक किलोपर्यंत’ असे लिहिलेले असते किंवा लॅब्रॅडॉर, पग अशा जातींची नावे असतात. वजनावरून उंची कळत नाही. मराठवाड्यात, विशेषतः लातूरकडे पाळले जाणारे कारवान किंवा पश्मी जातीचे कुत्रे लॅब्रॅडॉरपेक्षा हलके, पण पायांनी बरेच उंच असते. वजन बघून घेतलेल्या क्रेटमध्ये ते मान खाली घालूनच उभे राहील. गावठी कुत्र्यांचे तर एकच एक माप नसते.

तेव्हा शिंप्याची टेप घ्या आणि कुत्रे सरळ उभे असताना मोजा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची. कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत. विमानाने प्राणी नेताना आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचे मापाचे नियम लावले जातात : लांबीत पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायचा, खांद्यांच्या रुंदीची दुप्पट करायची आणि उंची डोके न टेकेल इतकी. उदाहरणार्थ, कुत्रे ८० सेंटीमीटर लांब आणि कोपर ३२ सेंटीमीटरवर असेल तर क्रेट आतून किमान ९६ सेंटीमीटर लांब हवा. बाजारात इंचांत मापे मिळतात. ३६ इंची क्रेट ९१ सेंटीमीटरचा, म्हणजे अपुरा. ४२ इंची घ्यावा लागेल. अंथरुणाची जाडी उंचीत वेगळी धरायची. घरातल्या क्रेटसाठीही हा हिशेब चालतो. उभे राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आले पाहिजे. पिल्लू असेल तर वाढीव मापाचा, मधे सरकती जाळी असलेला क्रेट घ्यावा. दर सहा महिन्यांनी नवा घेणे कुणाला परवडते?

तारेचा, प्लास्टिकचा की बनवून घेतलेला?

आपल्या उन्हाळ्याचा विचार करता तारेचा उत्तम. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करते. त्यासाठी वारा खेळता लागतो. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला बंद प्लास्टिकचा क्रेट एप्रिल-मेमध्ये जीवघेणा ठरेल, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर नक्कीच. तारेच्या क्रेटवर दिवाळीपुरते तीन बाजूंनी चवाळे टाकले की अंधार होतो. समोरची बाजू मोकळी ठेवायची. प्लास्टिकचा प्रवासाला सोयीचा, कापडी मात्र घाबरलेले कुत्रे पाच मिनिटांत फाडते.

उंच कुत्र्यासाठी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. त्याला तीन गोष्टी बजावून सांगा : गजांमधून डोके किंवा जबडा अडकता कामा नये, तळ सलग हवा आणि वेल्डिंगचे टोचरे घासून काढलेले हवेत.

कधी आणायचा?

वसुबारसेला आणलेला क्रेट उपयोगाचा नाही. निदान दोन-तीन महिने आधी आणून, दार काढून किंवा बांधून उघडे ठेवून, रोजचे जेवण आत द्यावे. कुत्रे दुपारी आपणहून आत जाऊन झोपू लागले, की क्रेट त्याचा झाला. त्याआधी आत ढकलून कडी लावली, तर भेदरलेले कुत्रे गज चावून दात तोडते, नखे उपटून घेते. फटाके सुरू असताना, सवय झालेल्या कुत्र्याचेही दार मी उघडेच ठेवीन. खोलीचे दार मात्र लावावे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती. ती किती पाळली जाते हे सगळे जाणतात. तरी कुत्र्याला फिरवणे आणि जेवण दिवस मावळण्याआधी उरकावे. भीती फारच असेल तर आधीच पशुवैद्यकाला विचारावे. माणसाची झोपेची गोळी देण्याचा प्रकार काही घरांत होतो, तो धोक्याचा आहे.

कायदा काय म्हणतो?

प्राण्याला हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवले नाही, तरीही हेच कलम लागते. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात सुरसुऱ्यांचे एखादे पाकीट येईल. स्वीडन आणि फिनलंडमध्ये प्रवास, आजारपण अशी कारणे सोडली तर कुत्र्याला घरात पिंजऱ्यात ठेवायलाच मनाई आहे. आपल्याकडे दंड वाढेल तेव्हा वाढेल. टेप मात्र घरातच असते.

गल्लीतल्या बेवारस कुत्र्यांना क्रेट कोण देणार, हा प्रश्न उरतोच. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोठ्याचे किंवा शेडचे दार थोडे किलकिले ठेवून आत एक गोणपाट टाकले, तर तीही आपणहून आत येतात आणि सकाळी निघून जातात.