हक्क हवा, तर हिशेबही द्या

अमेरिकेत 2012 साली बर्मी अजगरासह चार मोठे साप ‘लेसी कायद्या’खाली घातक ठरवले गेले. आयात थांबलीच, पण साप एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणंही गुन्हा झाला. बदली झालेल्या माणसाला सामानाबरोबर आपला अजगर नेण्याची सोय राहिली नाही. सरीसृपपालकांची संघटना ‘युसार्क’ कोर्टात गेली. मुख्य भूमीवरल्या 49 राज्यांमधली वाहतूक या कायद्याने रोखता येत नाही, असा निकाल 2017 मध्ये अपील न्यायालयाने दिला. एकट्यादुकट्या हौशी माणसाला ही लढाई झेपली नसती.

नाण्याची दुसरी बाजूही पाहू. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत बर्मी अजगर मोकाट वाढले, ते पाळायला आणलेल्या सापांमुळेच. काही निसटले, काही मालकांनीच सोडले. बंदीची मागणी उगाच झाली नव्हती.

आपल्याकडे नाग, धामण किंवा स्टार कासव घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तो तसाच राहायला हवा. बॉल पायथन, इग्वाना अशा, वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जिवांची नोंदणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 मधल्या दुरुस्तीने बंधनकारक केली. ती डोकेदुखी वाटेल, पण उद्या मालकी सिद्ध करायला तोच कागद कामी येईल.

म्हणून सरीसृपपालकांनो, एकत्र या, संघटना बांधा. पण आधी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद करा, टाकीच्या झाकणाला कडी लावा आणि नकोसा झालेला प्राणी ओढ्यात सोडू नका. नियम पाळणाऱ्यांचीच बाजू सरकारदरबारी टिकते.