झोपायला मुंबई

झोप तपासून घ्यायला रत्नागिरीकराने रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी, हे ज्यांना रास्त वाटतं त्यांना एकदा कोकणकन्येच्या वरच्या बर्थवर चढवायला हवं.

मी चढलो. रात्रभर कूस बदलली, पहाटे ठाण्याला उतरलो, दिवसभर डोंबिवलीत मेव्हण्याकडे पेंगलो आणि संध्याकाळी इस्पितळात हजर झालो. डोक्याला चिकट लेप लावून वायरी; डोळ्यांपाशी, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी; नाकात नळी, बोटाला चिमटा, वर कॅमेरा. एवढं झाल्यावर तंत्रज्ञ म्हणतो, "काका, आता नेहमीसारखे झोपा." अरे, मी रोज गणपतीच्या मखरासारखा सजून झोपतो का? अहवाल आला: झोप अपुरी, चाचणी पुन्हा करावी. बिल मात्र पुरेपूर.

ही सगळी सजावट ज्याच्या शोधासाठी, तो स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा विकार. त्याचा आपल्याकडचा एक गाजलेला अंदाज मुंबईच्याच डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा, 2004 चा: मध्यमवयीन शहरी पुरुषांत साडेसात टक्के. त्यासाठी 250 जणांची झोप मोजली, ती त्यांच्या घरी! संशोधनाला घर चालतं. मग मिरकरवाड्यातल्या तांडेलाला, हातखंब्याला ट्रक लावून डुलक्या काढणाऱ्या ड्रायव्हरला घर का चालू नये? जोरात घोरतो, दिवसा पेंगतो, बाकी धडधाकट आहे, अशाला आधी घरीच तपासा.

यंत्रं विकणाऱ्यांनी लगेच पेढे वाटू नयेत. घरच्या साध्या यंत्राला डोक्याच्या वायरी नसतात, त्यामुळे माणूस झोपलाय की छताकडे बघतोय हे त्याला कळत नाही. समजा, आठ तासांत श्वास 36 वेळा अडकला. तासाला साडेचार, पाचाच्या आत, म्हणजे ठणठणीत! पण गडी झोपला पाचच तास असेल, तर तासाला सातच्या वर. झाला की रोगी. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्येच बजावलंय: घरच्या चाचणीत काही सापडलं नाही, तर प्रयोगशाळेत पाठवा, हृदयाचा गंभीर आजार किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर थेट तिकडेच. आमच्याकडे 'नॉर्मल'चा कागद हातात पडला की डॉक्टरही सुटतो आणि पेशंटही.

माझा श्वास रात्री कितीदा अडकतो, हे आमची ही वीस वर्षं शेजारी जागून मोजते आहे. ती मुंबईलाही सोबत आली होती. तिला मात्र बाहेर बाकावर बसवलं आणि एक प्रश्न विचारला: "पेमेंट कॅश की कार्ड?"