आधी कोणाला विचारायचं?

परवा नातू सुट्टीला मलकापूरला आला होता. रात्री लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "आजी, वारशात घोळ झालाय!" मला वाटलं, सातबाऱ्याचंच काहीतरी. पण त्याचा वारसा निघाला रुबी या संगणकाच्या भाषेतला. म्हटलं, बैस इथे आणि समजावून सांग. ३६ वर्षं शिकवलं, आता शिकायची पाळी माझी.

रुबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची भाषा, १९९५ मध्ये लोकांपुढे आली. तिच्यात प्रत्येक वस्तू कुठल्यातरी क्लासची असते आणि त्या क्लासला वरचा क्लास एकच. वस्तूला काम सांगितलं की ते करायची रीत, म्हणजे मेथड, ठरल्या क्रमाने शोधतात. आधी त्या एकट्या वस्तूची खास रीत आहे का ते पाहायचं. नसेल तर तिचा क्लास. मग त्या क्लासने बाहेरून घेतलेली मॉड्यूल्स, त्यातही शेवटी घेतलेलं आधी. मग वरचा क्लास, त्याची मॉड्यूल्स... असं चढत ऑब्जेक्ट, कर्नल आणि शेवटी बेसिकऑब्जेक्ट. जिथे रीत पहिल्यांदा सापडेल तिथे शोध थांबला. कुठेच नाही सापडली तर 'मेथड मिसिंग'ला हाक जाते, आणि तिथेही कोणी सोय केलेली नसेल तर चूक दाखवून काम अडतं.

२०१३ च्या रुबी २.० पासून क्लासच्याही पुढे बसणारी मॉड्यूल्स आली. नातवाचा घोळ तोच होता. त्यानं 'अँसेस्टर्स' लिहून पूर्वजांची यादी मागवली, तेव्हा पुढे बसलेला पाहुणा सापडला!

मला मात्र वेगळंच भावलं. जमिनीचा वारसा वाटला की तुकडे पडतात. इथे काही वाटलं जात नाही, खाली नक्कलही उतरत नाही. रीत वरच राहते आणि गरज पडली की तिथे जाऊन विचारायचं. म्हणून वर दुरुस्ती केली की खालच्या सगळ्यांना ती लगेच मिळते. आणि खालच्याने आपली वेगळी रीत केली तरी वरची पुसली जात नाही. 'सुपर' म्हटलं की वरची रीत आहे तशी चालते, त्यात आपली भर घालायची.

हे ऐकताना मला गौरीजेवणाची कटाची आमटी आठवली. सासूबाईंची रीत चिंचेची, मीही तीच चालवली. सूनबाई रत्नागिरीकडची. पहिल्याच वर्षी तिनं आमसूल घातलं आणि मी दिवसभर तोंड फिरवून बसले. आमच्या घरची रीत मोडली, असं वाटलं मला. खरं तर पुरण, कट, फोडणी सगळं सासूबाईंचंच होतं. तिनं 'सुपर' म्हटलं होतं, मला ते ऐकू आलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जो कामाच्या सगळ्यात जवळ आहे त्याला आधी विचारावं, त्यात वरच्यांचा अपमान नाही. वरच्यांचं काम एवढंच, की विचारायला कोणी आलं तर उत्तर तयार असावं. रुबीतले पूर्वज जागेवर असतात, आपले नसतात. सासूबाईंच्या सांडग्यांचं प्रमाण मी कधी विचारलंच नाही, आता ती हाक रिकामी परत येते.

म्हणून सूनबाई, तू हे वाचशीलच. जे विचारायचं ते विचारून घे. आणि यंदा आमटीत आमसूलच घाल.