निनांवी मोटारी

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस रस्त्यानें जाणारी कोणतीही मोटार दुरूनच ओळखतां येते, आणि त्यांच्या या कौशल्याचें आम्हांस कौतुक वाटतें. परंतु ही ओळख बहुधा पुढच्या बाजूस बसविलेल्या कारखान्याच्या चिन्हावरून होत असते. ज्या मोटारीस कारखानाच नाहीं, ती कशी ओळखावी? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दहापंधरा वर्षांत ब्रिटनमध्यें घरोघरीं बांधलेल्या अशा शर्यतीच्या मोटारी शेंकड्यांनीं निर्माण झाल्या. त्यांस तेथील लोक 'स्पेशल' म्हणत. जुन्या छायाचित्रांवरून त्यांची ओळख पटविणें हा आज तेथील अनेक गृहस्थांचा छंद आहे. आणि या छंदांत सत्यासत्याचा जो प्रश्न गुंतलेला आहे, त्याविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

१९४५ सालीं युद्ध संपलें तेव्हां ब्रिटनमध्यें नव्या मोटारी दुर्मिळ होत्या. ज्या तयार होत त्यांपैकीं पुष्कळशा परदेशीं पाठविल्या जात, उरलेल्यांवर जबर खरेदीकर असे, आणि पेट्रोलवरील नियंत्रण १९५० च्या मे महिन्यापर्यंत उठलें नाहीं. पण १९२२ ते १९३९ या काळांत ऑस्टिन कारखान्यानें 'सेव्हन' नांवाच्या लहान मोटारी दोन लाखांहून अधिक बनविल्या होत्या, आणि त्यांतल्या जुन्यापुराण्या थोडक्या पैशांत मिळत. एंजिन अवघें ७४७ घनसेंटिमीटरचें. वरचा डबा काढून टाकला कीं खालीं इंग्रजी 'ए' अक्षराच्या आकाराचा हलका सांगाडा उरे. त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून बसविला कीं झाली शर्यतीची गाडी! धांवण्यास जागाही आयती मिळाली. सिल्व्हरस्टोन व गुडवुड येथील युद्धकालीन विमानतळांवर १९४८ पासून शर्यती होऊं लागल्या. आणि १९३९ सालीं स्थापन झालेल्या '७५० मोटार क्लब' या मंडळानें तर ऑस्टिन सेव्हनपासून बनविलेल्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नियमच घालून दिले.

गाडी ओळखतांना सर्वांत अधिक फसविते ती तिची बाह्याकृति. १९५० नंतरच्या दशकांत फायबरग्लासचीं तयार कवचें विकत मिळूं लागलीं, तेव्हां एकाच सांच्यांतून निघालेलें कवच कितीतरी निरनिराळ्या सांगाड्यांवर चढलें. एंजिनाचेंही तेंच, यंदा ऑस्टिनचें, तर पुढच्या वर्षीं फोर्डचें ११७२ घनसेंटिमीटरचें. म्हणून जाणते लोक चाकें कशीं जोडलीं आहेत, पुढचा आंस मूळ कोणत्या गाडीचा आहे, हें आधीं पाहतात.

नोंदणीच्या क्रमांकावर विसंबावें, तर तेंही धोक्याचें. कॉलिन चॅपमन यानें १९४८ सालीं, विद्यार्थिदशेंत असतांना, आपल्या भावी पत्नीच्या आईबापांच्या उत्तर लंडनमधील घरामागें एका लहानशा गाडीखान्यांत जुन्या ऑस्टिन सेव्हनची एक स्पेशल बांधली. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या लोटस घराण्यांतील पहिली गाडी ती हीच. तिचा क्रमांक 'ओएक्स ९२९२'. आणि 'ओएक्स' हीं अक्षरें तर बर्मिंगहॅमचीं!  स्पेशल कोणीं व कोठें बांधली, हें त्यावरून मुळींच कळत नाहीं. ही गाडी १९५० सालीं विकली गेली व पुढें तिचा मागमूस राहिला नाहीं. २०१८ सालीं चॅपमनच्या चिरंजिवांस तिच्या शोधासाठीं जाहीर आवाहन करावें लागलें. एवढ्या थोर कुळांतील गाडीची ही कथा, मग इतरांची काय!

त्यांतल्या त्यांत भरंवशाचें साधन म्हणजे गाडीच्या अंगावर रंगविलेला शर्यतीचा आंकडा. त्या दिवसाचा छापील कार्यक्रम सांपडला, तर त्या आंकड्यापुढें चालकाचें व गाडीचें नांव मिळतें. अर्थात् कार्यक्रम आधीं छापलेला असतो. ऐन वेळीं चालक दुसरीच गाडी घेऊन आला असेल, तर छापील शब्दही खोटा ठरतो.

आतां आमचें म्हणणें. निनांवी गाडीस किंमत थोडी. तिला लोटससारखें कुलीन नांव चिकटलें कीं तीच किंमत अनेक पटींनीं वाढते. त्यामुळें एका अस्पष्ट छायाचित्रांतील नाकाच्या वळणावरून 'ही अमक्याचीच' असें छातीठोकपणें सांगण्याचा मोह होतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणासही अपराधी ठरवितां येत नसे. मग एकाच छायाचित्राच्या साक्षीवर गाडीचें गोत्र तरी कां ठरवावें? 'अज्ञात' असें लिहिण्यांत विद्वत्तेस कमीपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं. कोणी म्हणतील, जुन्या पत्र्याच्या गाड्यांविषयीं एवढी चिकित्सा कशाला? परंतु ती गाडी कोणा कारकुनानें किंवा फिटरनें दिवसभराची नोकरी आटोपून, रात्रीं जागून, स्वतःच्या हातांनीं बांधलेली असेल. तिला चॅपमनचें नांव देणें म्हणजे त्या माणसाचे श्रम हिरावून घेऊन, ज्यास कीर्तीची वाण नाहीं त्याच्या पदरांत टाकणें होय. उलट, 'अज्ञात' या शब्दानें खऱ्या कर्त्याची जागा निदान रिकामी राखली जाते, आणि पुढें कोणाच्या माळ्यावरील पेटींत पुरावा सांपडला, तर तेथें त्याचें नांव लिहितां येतें.

असा पुरावा बहुधा कर्त्याच्या मुलानातवंडांच्या घरींच पडलेला असतो. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें तारीख, शर्यतीचें ठिकाण व चालकाचें नांव एवढें जरी लिहिलेलें असलें, तरी निम्में काम झालेंच म्हणावें. पण बहुतेक छायाचित्रांच्या पाठी कोऱ्याच निघतात; कारण तीं काढणारास त्या वेळीं सर्व कांहीं ठाऊकच होतें.