पंधरापैकी एकच?

माझ्या नणंदेच्या मुलीची सोयरीक मोडली. कारण काय, तर पोरगी नाशिकजवळच्या एका लहानशा द्राक्षमळ्यावर नोकरी करते, पाहुण्यांना वाईन चाखायला देते. स्वतः थेंबही घेत नाही. पण "दारू ओतते" एवढं आपल्या समाजाला पुरलं, आणि पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत ते पसरवलं कोणी? आपणच, बायकांनी.

एप्रिलात मी तिच्याकडे जाऊन आले. वेलीवर द्राक्ष औषधालाही नव्हतं! तोड मार्चपर्यंत उरकते, मग खरड छाटणी. जुन्या काड्या एकदोन डोळे राखून कापतात, आणि पुढच्या हंगामाचे घड किती येणार ते नव्या फुटीत ह्या उन्हातच ठरतं. बाया डोक्याला फडकं बांधून फुटी विरळ करत होत्या. आत गारेगार खोलीत पाहुणे पेला फिरवत, हुंगत, घोट घेत होते. मला तिथे अवघडल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू?

माझं मत काही बदललं नाही. द्राक्ष चालतं, वाईन चालत नाही. आंबवण्यात असंख्य जिवांची हिंसा आहे, आणि नशा माणसाचं भान घालवते ते वेगळंच. वाईन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलकही वापरतात. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारनं शेतकऱ्याच्या नावानं ती सुपरमार्केटात विकायला परवानगी दिली, तेव्हा मी घरात तावातावानं भांडले होते. 1 एप्रिल 2025 पासून आपल्या मध्य प्रदेशात 19 ठिकाणची दारूची दुकानं बंद झाली, त्यात शेजारचं मुलताई आलं, तेव्हा आनंदच झाला.

पण बायांनो, सातव्या व्रताच्या अतिचारांत कर्मादानं पंधरा आहेत. रसवाणिज्य त्यातलं एक. त्याच यादीत विषवाणिज्य आहे. त्याच यादीत तळी-सरोवरं आटवणं आहे. ते का नाही कोणी मोजत?

आमच्या घरचं कृषी केंद्र आहे. इथल्या संत्र्यावर जे फवारलं जातं, त्यातलं बरंचसं आमच्याच काउंटरवरून जातं. डब्यावर लाल त्रिकोण असतो, अतिविषारी म्हणून. फवारणीचं पाणी कालवणारी बाई तो वाचणार कधी? एकदा एक जण दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "डोयात आग होते जी, बाई. पण रोजी बुडते ना." मी तिला पाणी दिलं. दुसरं काय केलं? काही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसएक माणसं गेली. यवतमाळ आपल्याला परकं आहे का? आणि आंबिया बहार वाचवायला मे महिन्यात बोअरवर बोअर खणणारे बागवाले, त्यांच्यात आपले किती आहेत?

त्याच दुकानाच्या पैशातून आम्ही पर्युषणात बोली घेतली. टाळ्या वाजल्या. माझ्या सासऱ्यांना हार घातला. तेव्हा कोणाच्या मनात सोयरीक मोडायचं आलं नाही!

पोरगी नोकरी सोडायला तयार होती. मीच म्हटलं, सोडायची तर तुझ्या मनानं सोड, ह्यांच्या भीतीनं नको.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलासाठी पाहुणे येणार आहेत. मुलगा दुकानावर बसतो. चहा झाला की मी त्यांना दुकानात नेणार आहे आणि लाल त्रिकोणाचे डबे एकेक करून त्यांच्या हातात देणार आहे.